‘मी जातो’ म्हणणारी अक्का

प्रिय अक्का,

तुझं सामान आज दवाखान्यातून आणलं. दोन साड्या, दात मोडलेला कंगवा आणि तुझी जाडजूड फाइल. तू जाऊन महिना झाला आणि मला पत्र आज सुचतंय! काय करू? ती फाइल वाचली आणि बसवेना.

पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘रुग्ण स्त्री स्वतःला पुरुष समजते. मी जातो, मी खातो असे बोलते.’

अगं, मी आधी हसले! आपल्या मंगळवार पेठेतली कुठली पोरगी ‘मी जाते’ म्हणते? आई नाही का म्हणायची, ‘मी बाजारला जाऊन येतो गं’? आपल्याकडच्या बायका असंच बोलतात, हे त्या बाहेरगावच्या डॉक्टरांना कोण सांगणार? मग माझं हसू गेलं. सांगणारी त्यांच्यासमोरच बसली होती.

तुझं बाळ गेल्यावर तुझी झोप उडाली, भिंतीशी बोलायला लागलीस, तेव्हा मीच तुला तिथं नेलं. सहीही माझीच. डॉक्टरांनी मला विचारलं, "या घरीही असंच बोलतात का?" मी मराठीची बाई, शाळेत पोरींकडून ‘जाते, करते’ घोटून घेणारी. लाज वाटली गं मला! म्हणाले, "नाही."

तू वळून बघितलंस. "शाले, खोटं का बोलतीयास गं?" डॉक्टर लिहीतच राहिले.

भेटायला आले की सिस्टर सांगायच्या, "नीट बोलल्याशिवाय यांना चहा नाही." मला वाटलं, तू शिव्या देत असशील. विचारलं का नाही मी? आणि तू तरी कसली हट्टी! "ऱ्हाऊ दे तुमचा च्या. मी घरला जातो की!" तोवर तू झोपत होतीस, जेवत होतीस, माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करत होतीस. फाइलीत मात्र पानोपानी एकच, ‘समज कायम. सुधारणा नाही.’

शेवटच्या पानावर लिहिलंय, ‘रुग्ण आता काहीच बोलत नाही. सुधारणा.’ त्याच आठवड्यात तू तापानं गेलीस.

एकदा ‘जाते’ म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, अक्का? नाही, तुझ्यावर कशाला ढकलू? मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. फार रडले आज.

उद्या रजा टाकलीय. त्याच डॉक्टरांसमोर बसून सांगणार आहे की मी खोटं बोलले, आणि ते तुझ्या फाइलीत लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही. परवा वर्गात कुणी "बाई, पाणी पिऊन येतो" म्हणाली, तर तिला जाऊ देईन. अडवणार नाही.

आता झोपतो, अक्का. सकाळी लवकर जातो.

तुझी धाकटी,
शाली