तिसऱ्याआधी चौथे रीळ

मी, अनिरुद्ध रंगराव खांबेटे, वय ७०, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, राहणार कोथरूड, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढचे वाचून शंका येईल, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहता फ्लॅट व ठेवी पत्नी सौ. शैला हिला. यात चर्चा नको.

२. मागच्या खोलीतील एकोणीस परदेशी चित्रपट मुलगी ऋतिका हिला. सगळे जुने, अंतराळातले, चावट व विनोदी. खरे तर चावटपणा बेताचा आणि विज्ञान त्याहून बेताचे. मग मी ते चाळीस वर्षे का जमवले? तीनशे वर्षांनी माणसे प्रेम कसे करतील, असा प्रश्न कोणीतरी मनापासून विचारला आणि त्याला उत्तर सुचले ते चंदेरी लेंगे आणि प्रेम मोजणारा कुकर. याचे मला अजून कुतूहल वाटते. बाकीच्यांनी नाके मुरडली. ऋतिकाने मात्र विचारले, "बाबा, किती शिट्ट्या झाल्या की प्रेम झालं समजायचं?"

३. त्यातला सात नंबरचा चित्रपट. १९७९ साली खडकीच्या एका थिएटरात ऑपरेटर बापूराव शेलार यांनी त्याचे चौथे रीळ तिसऱ्याच्या आधी लावले. त्यामुळे अंतराळवीर आणि परग्रहावरची बाई आधी रडत निरोप घेतात आणि नंतर पहिल्यांदा भेटतात. थिएटर हसत होते, मी रडलो. थिएटर मोडीत निघाल्यावर हीच प्रत मी घेतली. योग्य क्रमाने पाहिली, तर अगदीच सामान्य निघाली, म्हणून रिळांचे डबे पुन्हा बापूरावांच्याच क्रमाने लावून ठेवले. माझे संग्राहक मित्र सुदर्शन क्रम दुरुस्त करून देतो म्हणतात. त्यांना डब्यांना हात लावू देऊ नये.

४. शैला त्या खोलीत कधी आली नाही. "तुमचं चालू द्या," एवढेच म्हणाली. मी गेल्यावर ऋतिकाने तिला हा चित्रपट एकदा दाखवावा, याच क्रमाने. निरोप आधी, भेट नंतर. मला तिला हेच सांगायचे होते, तोंडाने जमले नाही.

५. बापूरावांना काहीच देत नाही, म्हणून त्यांना साक्षीदार केले आहे. डबे तसेच आले होते, असे ते गेली शेहेचाळीस वर्षे सांगतात.

पुणे, दि. १२ जुलै २०२५
(सही) अ. रं. खांबेटे

आमच्यासमक्ष सही केली:
१. ज्ञानदेव मोकाशी, शेजारी
२. बापूराव शेलार

(सहीखाली बापूरावांच्या अक्षरात:) डबे बरोबर आले होते. पहिल्या खेळाला मी चुकलो. मग मलाही तसाच आवडला, म्हणून आठवडाभर तसाच लावला.