लालसूचं रेड कार्ड

११ जानेवारी, रविवार

‘रेफरी बिकाऊ है!’ — अख्खं नागपूरचं स्टेडियम ओरडत होतं, अन् तो रेफरी माझा नवरा होता. टीव्ही बंद केला. परत लावला.

झालं ते असं. सामना संपत आलेला, बरोबरी. लालसू गोलच्या रेषेवर उभा. बॉल त्याच्या छातीवर आदळून बाहेर गेला. राजदीपनं शिट्टी मारली — हाताला लागला! पेनल्टी, आणि लालसूला रेड कार्ड. व्हिडिओ रूमवाल्यांनी कळवलं, एकदा पाहून घ्या. राजदीप कडेच्या स्क्रीनसमोर जाऊन उभा राहिला. किती वेळ उभा होता! मला वाटलं, आता फिरवतोच. इथं गडचांदूरला बसून मला छाती स्वच्छ दिसत होती. तो वळला, आणि परत पेनल्टीकडेच हात!

लालसूची टीम हरली. आमचा लालसू! कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावचं पोरगं. इथल्या शाळेत होता तेव्हा राजदीपनंच त्याला खेळायला शिकवलं. सुट्टीत घरी न जाता आमच्याकडे राहायचा. आणि त्यालाच काढलं.

१२ जानेवारी, सोमवार

राजदीप आला. जेवला नाही. मी विचारलं, स्क्रीनवर काय दिसलं तुम्हाला?

‘पाह्यलं तेच सांगतलं.’

खोटं बोलताना याचा आवाज बारीक होतो. आज झाला होता.

१४ जानेवारी, बुधवार

संघपालचा फोन. माझा भाऊ, पण बोलायला मागेपुढे पाहत नाही. ‘ताई, चूक कोनाचीबी होते. पन व्हिडिओ पाहून बी तीच चूक? भाऊजीले कोनीतरी गाठलं हाय.’

झाप झाप झापलं त्याला. फोन ठेवला, तर तेच डोक्यात.

क्लबनं लालसूला संघाबाहेर बसवलंय. पुढच्या मोसमात ठेवायचा की नाही, तेही पाहू म्हणे. पोरगा सव्वीसचा झाला. आता सुटला तर कोण घेणार त्याला?

१५ जानेवारी

फोन आला की राजदीप अंगणात जातो. मी कपडे वाळत घालायला गेले — गप्प! कट करून टाकला.

१७ जानेवारी, शनिवार

स्टाफरूममध्ये खुशबू मॅडम म्हणाल्या, ‘काल तुमचे सर चंद्रपूरले दिसले ना. एका मानसाच्या खांद्यावर हात टाकून चालून राह्यले होते. मंग त्याच्याच गाडीत बसले.’

काल तर हा दिवसभर मैदानावर होता — असं मला सांगितलं होतं! मी हसून ‘हो, काम होतं’ म्हटलं. का हसले कोण जाणे.

कोण तो माणूस? कशाचा एवढा दोस्ताना? बाईकही हल्ली काढत नाही. कंबर दुखते म्हणे. की आपली गाडी कुठं उभी आहे ते कोणाला कळू नये?

संध्याकाळी पेपर त्याच्यापुढे टाकला. त्याच्यावरचीच बातमी होती. न बघता सरकवून दिला. मन खात असलं की माणूस असाच करतो.

१८ जानेवारी, रविवार

त्याचे खिसे तपासले. लग्नानंतर पहिल्यांदा. रुमाल, सुपारी, बाकी काही नाही. संशय जायला पाहिजे होता ना? उलट वाढला. किती सफाईनं लपवतो! मग आपलीच किळस आली.

२१ जानेवारी, बुधवार

लालसू आला! राजदीप बाहेर गेला होता. मी पाणी दिलं. तो बसेचना. मग मलाच राहवलं नाही. म्हटलं, ‘बाबू, सरांनी तुला विकलं रे. मी माफी मागते.’

तो एकदम चिडला. मॅडमवर पहिल्यांदाच. ‘असं नोका बोलू! सरले कोनी विकत नाई घेऊ शकत.’

‘मग छाती दिसली नाही त्यांना? एवढ्या मोठ्या स्क्रीनवर?’

तो हळूच म्हणाला —

‘नाई दिसली, मॅडम. बॉल आदळल्याच्या आवाजावर शिट्टी मारली सरनं. ते स्क्रीनपासून वापस आले, तवा मी समोर गेलो. हात जोडले. एवढ्या जवळ होतो — तुमी आहा ना, एवढ्या. सरनं तोंड पुढं आनलं अन् बोलले, कोन? लालसू का?’

मी म्हटलं, ‘तुला ओळखलं नाही?’

‘मले तवाच समजलं. म्हनून गपचूप बाहेर निंगून गेलो. कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं सरची शिट्टी गेली असती.’

‘अरे, पण तुझं काय?’

त्यानं खांदे उडवले. ‘तुमाले मालूम असन वाटलं मले.’

मला! एका घरात राहून मी काय पाहत होते?

२२ जानेवारी, गुरुवार

चहा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, ‘चंद्रपूरचे डॉक्टर काय म्हणाले?’

राजदीप दचकला. कोणी सांगितलं, ते विचारलं नाही. ‘उजवा डोळा गेला. डावा जाऊन राह्यला,’ म्हणाला.

मग चाचपडत मोबाइल उचलला आणि माझ्या हातात दिला. ‘लीगच्या कमिटीले फोन लाव. पोराचं कार्ड चूक हाय. मीच सांगतो — नंबर तेवढा तू दाब.’