डावीकडे कलणारी गाडी

प्रिय बारक्या,

तू इथून गेल्यापासून अकरा वर्षांत तुला हे पहिलंच पत्र, तेही फोन हाताशी असताना. फोनवर तू "बोल दादा" म्हणालास की माझी वाचाच बसते, म्हणून कागद घेतला. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढताना हात पुढे केला की अजून खेकसते. गॅरेजचं छप्पर बदललं. गाड्या उचलायची लिफ्ट मात्र तीच, दोन खांबांची. तिच्या तारा नव्या घातल्या, खटके बदलले, तेलपाणी मी स्वतः बघतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

गेल्या मंगळवारी एक निवृत्त शिक्षिका जुनी गाडी घेऊन आल्या. गाडी साठ-पासष्ट वर्षांची असेल. हिरवागार रंग, चकचकीत पितळी कडा, आणि गिअरबॉक्सखाली तेलाची गळती. किल्ली देताना बाई म्हणाल्या, "उचलताना सांभाळून हं. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले होते, ही स्वतःला उचलू देत नाही." मी म्हटलं, "बाई, गाडी आहे ती, मांजर नव्हे." त्या हसल्या नाहीत.

दुपारी रंगारी जेवायला गेला आणि मी एकटाच उरलो. गाडी दोन्ही खांबांच्या बरोबर मधे घेतली, डिकी रिकामी केली. जुन्या गाडीचा पत्रा वरून साजरा आणि आतून कुजलेला असतो, म्हणून लिफ्टचे चारही हात चासीच्या जाड दांड्याखालीच लावायचे. ते बघायला टॉर्च घेऊन खाली शिरलो, तर डाव्या दांड्यावर एक ठिगळ दिसलं. कडेने वेल्डिंगची रांग, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. तसं वेल्डिंग एकाच माणसाचं होतं, आपल्या बाबांचं. काळ्याचा हिरवा रंग झाला होता, पण गाडी तीच होती रे. तुझा पाय जिने घेतला ती.

बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यालो. परत पाठवावी असं मनात आलं, पण बाईंना सांगणार काय? चारही हात लावले, हात जागचा सरकू न देणारी प्रत्येकाची पिन बोटांनी हलवून पाहिली. गाडी वीतभर उचलली, थांबवली, बंपर धरून हलवली. हा नियम मी आता मोडत नाही. तर गाडी डुलली आणि मागे डावीकडे कलली. इंजिन पुढे, वजन पुढे. कललीच तर नाकावर कलायला हवी. ही मात्र मागच्या सीटवर डाव्या बाजूला कोणी टेकून बसल्यासारखी. खाली घेतली, दार उघडलं. सीट रिकामी. नुसतं थंडगार कातडं. पुन्हा मोजून हात लावले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मागचे हात चार बोटं सरकवले, तेव्हा कुठे ती सरळ राहिली. पिना परत तपासल्या आणि बटण दाबलं. खटके दोन्ही खांबांवर एकदम वाजत होते, टक्, टक्, हवे तसे. गाडी छातीइतकी वर आली असेल.

आणि खांबावर पाना वाजला. दोनदा घाईने, मग एकदा सावकाश. तुझी खूण. कंप्रेसरच्या आवाजात हाक ऐकू यायची नाही म्हणून तूच काढलेली, "दादा, थांब." माझं बोट बटणावरून आपोआप सुटलं. गॅरेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. सगळे पाने भिंतीवर जागच्या जागी. वाकून पाहिलं तर मागच्या डाव्या हाताची पिन अर्धी वर आलेली, जी मी तीन-तीनदा तपासली होती. श्वास रोखून गाडी खाली आणली आणि तिथेच तेलकट फरशीवर बसकण मारली. दुसऱ्या दिवशी बाईंना खड्डा असलेल्या गॅरेजचा पत्ता दिला. तिथे गाडी उचलावी लागत नाही. "सांगितलं होतं ना," एवढंच म्हणाल्या.

त्या मंगळवारी संध्याकाळी तुला फोन करून विचारलं, दुपारी काय करत होतास. तू हसलास. "खुर्चीत डुलकी लागली होती रे. झोपेत कुबडीने टेबल ठोकत होतो म्हणे, शेजारीण धावत आली." किती वेळा ठोकलंस, हे विचारायचं धाडस झालं नाही. "बरं" म्हणून फोन ठेवला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तुझा पाय गेला त्या दिवशीही गाडी अशीच कलली होती. तू पाना वाजवलास. मी ऐकला, बारक्या. गिऱ्हाईक दारात ताटकळत होतं आणि मी बटण सोडलं नाही. मागचा डावा हात मीच लावला होता, पिन बसली की नाही ते बघितलं नव्हतं. शिवाय मीच तुला हाक मारली, "ये गाडीखाली, काही होत नाही," आणि तो हात सरकून गाडी तुझ्या पायावर आली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, त्याला त्या दिवसाचं काही आठवणार नाही. देवाशपथ सांगतो, मला हायसं वाटलं. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "तो हात बारक्याने लावला होता." बाबा गेले तेही तोच समज घेऊन. तो आता मला पुसता येणार नाही. काल आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? त्याला सांग." माफी मागायला तोंड नाही, मागतही नाही. फक्त तू येईल त्याला हसत सांगतोस ना, पाय माझ्याच हलगर्जीपणाने गेला म्हणून, ते आजपासून सांगू नकोस. ते खोटं आहे, आणि ते मी रचलेलं आहे.

तुझाच, अजून म्हणू देणार असशील तर,
दादा