फ्लेक्सवरची बाई

४ फेब्रुवारी

वळणावर माझा फ्लेक्स लागलाय. माझा! आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. कांदा काढताना घाम पुसतेय, केस विस्कटलेले, तोंड अर्धवट उघडं. शाळेतल्या मास्तरांनी कधी टिपला हा फोटो, देव जाणे. खाली हातभर अक्षरं – ‘ही माउली जमीन देणार नाही’. दूधवाला म्हणाला, काकू, तुम्ही तर पुढारी झालात.

सगळ्या शिवारात सोलरच्या काचा बसवायच्यात कंपनीला. विकत नकोय, भाड्याने हवंय. माझं शेत बरोब्बर मधोमध. ते नसेल तर त्यांच्या ओळी जुळत नाहीत. म्हणून कंपनीला मी हवी. आणि म्हणूनच विरोध करणाऱ्या समितीलाही मीच हवी. समितीचे अध्यक्ष आमचे भाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ. म्हणाले, वहिनी, तुम्ही फक्त ठाम उभ्या राहा, बाकीचं आम्ही बघतो.

ठाम उभी राहा! मला भिंत धरल्याशिवाय उठता येत नाही.

५ फेब्रुवारी

कुठे बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. मला द्यायची आहे जमीन.

९ फेब्रुवारी

कंपनीची बाई आली होती. वयाने माझ्या लेकीएवढी, बुटांना चिखल. पाणी दिलं. तिने नीट समजावून सांगितलं – जमीन तुमच्याच नावावर राहील, दरवर्षी भाडं येईल, तुम्ही कुठेही राहा. ‘कुठेही राहा’ म्हणाली आणि माझ्या डोळ्यांपुढे लेकीच्या घरची खिडकी आली. तिच्याकडे लिफ्ट आहे. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे. गुडघे दाखवायला इथून जायचं तर अख्खा दिवस मोडतो.

हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात मोटारसायकल. समितीतली दोघं. कुणी कळवलं असेल? इथे मांजर शिंकलं तरी चार घरांना कळतं. थोरला म्हणाला, काकू, या बाई त्रास देत होत्या का?

मी हो म्हणाले.

का म्हणाले मी हो? ती बिचारी उठली. पेला स्वतः मोरीत ठेवून गेली.

१४ फेब्रुवारी

आता मला कामच करू देत नाहीत. सकाळी उठून बघते तर गाईला वैरण पडलेली. कांदा समितीच्या पोरांनी काढून दिला. नळवाला आला, तोटी बसवून गेला, पैसे नको म्हणाला. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. मायेच्या माणसांशी कसं भांडायचं?

धाकटी, म्हणजे भाऊजींची बायको, रोज संध्याकाळी येऊन भांडी घासून देते. मी नको म्हणते, ती ऐकत नाही. समितीची बैठक असली की तिच्या घरी चहाचं पातेलं उतरतच नाही. भाऊजी भाषणात म्हणतात, आमचा घाम या मातीत आहे. त्यांच्या शेताला पाणी कोण देतं? धाकटी. खत कोण टाकतं? धाकटी. घाम आहे खरा, पण कुणाचा ते भाषणात येत नाही. मात्र तिच्या तोंडून कधी अवाक्षर नाही.

१८ फेब्रुवारी

आज भुईमुगाच्या खुरपणीला मजुरीण आली होती. माझ्या शेतात गेली कित्येक वर्षं तीच येते. स्वतःची वीतभरही जमीन नाही. बांधावर बसून भाकरी खाताना म्हणाली, “काकू, तुम्ही त्यांना नाही म्हणालात, बरं झालं. काचांना काय खुरपायचं असतं? आम्ही कुठं गेलो असतो?”

तिचं बरोबर आहे. मास्तरांचंही बरोबर आहे – काचा छपरांवर लावा, पलीकडच्या खडकाळ माळावर लावा, ओलिताच्या जमिनीवरच कशाला? सगळ्यांचं बरोबर आहे. पण माझे गुडघे काय खोटं बोलतात?

२१ फेब्रुवारी

लेकीचा फोन. आई, सरळ सांगून टाक ना! तिला तिकडून बोलायला काय जातं. हे गेले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर भाऊजी बसून होते, लेकीचं शिक्षण त्यांनी बघितलं. त्या माणसाच्या तोंडावर त्याच्या लढ्याविरुद्ध बोलायचं? लेक म्हणाली, मग काय, जन्मभर उपकार फेडत कांदे लावणार आहेस?

मी फोन ठेवला. आवाज येत नाही असं सांगून. येत होता.

२ मार्च

आज जनसुनावणी. शाळेचं मैदान भरलं होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं, माझ्याच फ्लेक्सखाली. उजवीकडे भाऊजी, डावीकडे मास्तर. पोलिसांनी धरल्यासारखी मी मध्ये.

सुनावणीला आलेल्या साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. “बाई, मधलं शेत तुमचं ना? तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?”

भाऊजी उठले, म्हणाले, वहिनींचं म्हणणं मी मघाशीच मांडलंय. साहेब म्हणाले, मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

ठरवलं, आता बोलायचं. खुर्चीचा हात धरून उठायला लागले, तर गुडघा मध्येच अडकला. मी तशीच, ना उभी ना बसलेली. आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली! म्हातारी बघा कशी उभी राहतेय म्हणून. बायका डोळे पुसत होत्या. मजुरीण मागच्या रांगेतून हात जोडून बघत होती.

मी म्हणाले, “जमीन... चांगली आहे.”

एवढंच. पुन्हा टाळ्या. बसले.

चांगली आहे! जमीन चांगलीच आहे, त्यात वाद कुणाला होता?

३ मार्च

पेपरात छापून आलंय. ‘जमीन चांगली आहे – वृद्धेच्या तीन शब्दांनी मैदान गहिवरलं’. वृद्धा म्हणे. कात्रण भाऊजींनी आणून दिलं, भिंतीला लावा म्हणाले.

संध्याकाळी धाकटी पातेलं घासताना एकदम म्हणाली, “ताई, काल तुम्ही वेगळंच काही बोलणार होतात ना?”

मी म्हणाले, छे, काय बोलणार. ती पातेलं घासत राहिली. स्वच्छ झालं होतं तरी घासत राहिली.

११ मार्च

पाटाच्या कडेला पाय घसरला. चिखलात पडून राहिले. ओरडायची लाज वाटली. वर नुसतं आभाळ. पडल्या पडल्या मनात आलं, आता पाय मोडला असेल तर सुटले! असा विचार आला म्हणजे बाई, तुझं कठीण आहे.

मोडला नाही. सुजलाय. भाऊजींनी उचलून घरी आणलं. म्हणाले, उद्यापासून शेतात पाऊलही टाकायचं नाही, आम्ही सगळं करतो, तुम्ही फक्त इथे असा.

फक्त असा. बुजगावण्यालाही तेवढंच काम असतं.

१२ मार्च

फक्त असले.

२६ मार्च

कंपनीने माघार घेतली. पलीकडच्या खडकाळ माळावर जाणार. जिंकलो.

ढोल, गुलाल, मला खुर्चीसकट उचललं. खुर्ची डगमगत होती, मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. रडू आलं. सगळे म्हणाले, आनंदाचे अश्रू.

मजुरीण पायाला हात लावायला वाकली, तिला अर्ध्यातच धरलं. तिच्या तोंडावरचा आनंद खरा होता. तिच्यासाठी बरंच वाटलं मला. हेही लिहून ठेवते. पण सुटायची एक वाट होती, तीही बुजली. आता पेरणी. मग खुरपणी. मग काढणी. मग पुन्हा पेरणी. माउली!

२८ मार्च

बोलले.

भाऊजी बियाणं कोणतं आणायचं विचारायला आले होते. मी म्हणाले, मला शेत करायचं नाही. त्यांना वाटलं यंदा म्हणतेय. मी म्हणाले, यंदा नाही, कधीच नाही. मी लेकीकडे जाणार. कंपनी आली तेव्हाही मला द्यायचीच होती.

ते भिंतीवरच्या त्या कात्रणाकडे वळले. मग म्हणाले, “मग हे सगळं मी कुणासाठी केलं?”

“ते मला माहीत नाही, भाऊजी. मला विचारून नव्हतं केलंत.”

“तुम्ही बोलायचं होतं.”

“हो. बोलायचं होतं.”

माणूस पडेल असं वाटलं मला. गेले तेव्हा चपला इथेच विसरले. अनवाणी गेले.

३० मार्च

शेत मजुरिणीला वाट्याने दिलं. निम्मं तिचं, निम्मं माझं. ती आधी हसली, थट्टा वाटली तिला. मग बांधावर बसली आणि उठेचना. कोणतं बियाणं टाकायचं ते तिचं तिने ठरवायचं, मी सांगितलं. लगेच कांदा नको म्हणाली! कांद्याने कंबर जाते म्हणे.

भाऊजींनी निरोप धाडला – घरातलं शेत बाहेर दिलंत. स्वतः आले नाहीत. मास्तर रस्त्यात दिसले, मान फिरवून गेले. दूधवाला तेवढा पूर्वीसारखाच बोलतो.

चपला अजून दारात आहेत. धाकटीही दोन दिवस आली नाही. भांडी मीच घासली. तिचं न येणं मात्र लागलं जिवाला.

१ एप्रिल

सकाळच्या गाडीने निघाले. पोचवायला कुणी येणार नाही हे धरूनच चालले होते. थांब्यावर धाकटी उभी. मला वाटलं, निरोप द्यायला आली. तिच्या पायाशी पिशवी होती, गच्च भरलेली, तोंड दोरीने बांधलेलं.

म्हणाली, “ताई, तिकिटं दोन काढा.”

काढली.