तिसरा ब्रिज

प्रिय अण्णा,

आईची दाढ तुटली. परवा कडक निप्पट्टू खाताना अर्धी दाढ तिच्या हातात आली. ती कागदात गुंडाळून तिने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, कॅप तूच कर, दुसऱ्या कुणाची मला नको. मी नाही म्हटलं. का नाही, ते तिला सांगायला बसले, आणि त्यातून जे बाहेर आलं ते तुम्हाला लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले. इतके दिवस मी मनातल्या मनात तुमची फक्त माफी मागत होते. आज तेवढ्यावर भागणार नाही.

माझ्या कामाचं तुम्हाला केवढं कौतुक होतं! बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर काढलेला माणूस तुम्ही. रिटायर झाल्यावर जे. पी. नगरच्या माझ्या लॅबमध्ये यायचात आणि स्टूल ओढून बघत बसायचात. डॉक्टर दातांचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो, त्यावर कॅप किंवा ब्रिज घडवतो, पेशंटचं तोंड आम्हाला दिसतही नाही, हे तुम्ही भेटेल त्याला समजावून सांगायचात. आमच्यासारखंच काम आहे, फक्त माल बारीक, असं वर म्हणायचात.

मग तुमची खालची डावी दाढ काढावी लागली आणि तुमचा ब्रिज मीच केला. दोन्ही बाजूंच्या दातांवर कॅप आणि मधल्या रिकाम्या जागेत नवी दाढ. तो बसवल्यावर तुम्ही नारळवाल्यासमोरसुद्धा आ वासून दाखवलात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण आतून आनंदही झाला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

वर्षभराने जिभेच्या डाव्या कडेला, अगदी ब्रिजला लागून, जखम झाली. स्वल्प घासतंय गं, म्हणालात. खरं सांगू? मला काळजी वाटली नाही, लाज वाटली. माझ्या हातचा ब्रिज माझ्याच बापाला टोचतोय!

आपल्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमनी कड घासून गुळगुळीत केली. जखम तशीच राहिली. तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दोन आठवड्यांत भरली नाही तर कॅन्सरच्या सर्जनला दाखवायचं, थांबायचं नाही. मी घेऊन जाते म्हणाले. आणि नेलं नाही. दोन आठवड्यांनी परत गेलो ते नवं माप घ्यायला. मॅडमना काय सांगितलं ठाऊक आहे? सर्जनची तारीख मिळाली आहे, तोवर ब्रिज बदलून बघू. शुद्ध खोटं. आपल्या घरात तंबाखूला कुणी शिवलेलं नाही, मग कसला कॅन्सर, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पहिला ब्रिज कापून काढला, दुसरा बसवला. चार दिवस तुम्ही आपल्या कानडी वळणाने म्हणालात, सरी झालं, आता बरं आहे. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग तिसरा. त्यात पाच महिने गेले, अण्णा. तुम्ही भात पातळ कालवून नुसता गिळायला लागलात. डावा कान दुखतो म्हणालात, तरी मी टॉर्च घेऊन ब्रिजच बघत होते. तुम्हीही आपण मशीनचा एखादा भाग तपासतोय अशा सुरात माझ्याशी बोलायचात. वरून नाही टोचत, आतल्या बाजूने बघ, अजून जरा घासून उतरव. आणि मी उतरवत राहिले.

मानेत गाठ दिसली तेव्हा मॅडम मला एक शब्दही बोलल्या नाहीत. स्वतःच्या गाडीतून तुम्हाला सर्जनकडे घेऊन गेल्या.

ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ गेली, डावा जबडा गेला. सर्जनने काढलेल्या भागांची नावं सांगितली, त्यात शेवटी ब्रिजचंही नाव होतं. त्यानंतरचे सात महिने तुम्ही पाटीवर लिहून बोललात. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून थांबवणारा माणूस पाटीवर पाणी असं लिहायचा आणि नळीतून घ्यायचा. मला रोज वाटायचं, आज तुम्ही त्या पाटीवर विचाराल, मला वेळेवर का नेलं नाहीस. तुम्ही कधीच विचारलं नाहीत. ती तुमची माया आहे असं मी समजत होते.

परवा हे सगळं मी आईला सांगितलं. सर्जनला दाखवायला सांगूनही मी नेलं नाही, खोटं बोलले, माझ्या हट्टापायी अण्णा गेले, म्हणून तुझ्या तोंडाला हात लावायची माझी हिंमत नाही. आईने तुटलेली दाढ पुन्हा कागदात गुंडाळली. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं गं. दुसरा ब्रिज बसवला त्या आठवड्यातच मला म्हणाले, ब्रिज बरोबर आहे, चूक त्यात नाही."

मग माधवीला परत का करायला लावताय, असं आईने तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. त्यावर तुम्ही काय म्हणालात, तेही तिने सांगितलं.

"म्हणाले, ती करत्येय तोवर दुसरीकडे जायला नको."

अण्णा, मी उठून गॅलरीत गेले. राग आला, खूप आला. चौदा महिने मी एकटीने हे ओझं वाहिलं, आणि तुम्हाला माहीत होतं? आयुष्यभर बोट फिरवून धातूतला फरक ओळखणारा माणूस तुम्ही. ब्रिज बरोबर आहे हे तुम्हाला कळणार नाही, असं मला तरी कसं वाटलं? भीती वाटत होती तर एकदा म्हणायचं होतं. मी हात धरून नेलं असतं.

नेलं असतं का?

हात धरून नेलं असतं, हे वाक्य लिहून मी थांबले आहे, कारण ते खोटं आहे. दुसरा ब्रिज मी प्लास्टरच्या जबड्यावर बसवून, उंच भागावर डाग उमटवणारा निळा कागद चाववून पाहिला होता. कुठेही उंच नव्हता. कड बोटाला लागत नव्हती. तिसरा करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, अण्णा. मला कळलं होतं, आणि तरी मी नव्या ब्रिजच्या साच्यासाठी मेण तापवलं. तुम्हाला जायचं नव्हतं आणि मला न्यायचं नव्हतं. तिसरा ब्रिज दातांसाठी नव्हताच.

आईची कॅप मी करणार आहे. त्याआधी मॅडमकडे नेऊन तिची जीभ, गाल, टाळू सगळं तपासून घेणार आहे. मॅडम माझ्याशी बोलोत, न बोलोत.

आणि तुम्हाला वचन देते. मावशी, काका, कारखान्यातले तुमचे दोस्त अजून घरी येतात, तंबाखू नाही, दारू नाही, देवाने असं का केलं म्हणतात, आणि मी मान हलवते. यापुढे हलवणार नाही. देवाने पाच महिने दिले होते, आणि आम्हा बापलेकीला दोघांनाही कळलं होतं, असं सांगेन. तुमचं नावही घेईन, माझंही.

तुमची,
माधवी