पेला कमी पडतो

शनिवार, ३ जून
हात वर केला. झालं एकदाचं. चर्चच्या कमिटीत आम्ही चौघं — पाळक, हेडमास्तर, नर्सबाई आणि मी. ठराव असा, की माझ्या धाकट्या बहिणीने स्टेशनमागच्या गल्लीतल्या धंदा करणाऱ्या बायकांना उपासनेला आणायचं नाही. त्यांच्यासाठी मोर्चे काढ, दवाखान्यात खेटे घाल, पण प्रभूच्या मेजावर नको. माझी सख्खी बहीण दारातच उभी होती. "मग मीही येणार नाही, ताई," एवढंच म्हणाली.

रविवार, ४ जून
प्रभुभोजनाचे, द्राक्षरसाचे छोटे पेले बावीस वर्षं मीच भरते. माणसं मोजायची, तेवढेच भरायचे. आज एक कमी पडला! हेडमास्तरांपर्यंत ट्रे आला तो रिकामा. म्हणाले, "वय झालं तुमचं." कोणी कोणाला म्हणावं!

रविवार, ११ जून
दोनदा मोजलं. वर एक जास्तीचा भरला. तरी एक कमीच. आज नर्सबाई राहिल्या.

बुधवार, १४ जून
धाकटी फोन उचलत नाही.

रविवार, १८ जून
पाच जास्तीचे. पाळकांनी स्वतः मोजले. सगळ्यांना देऊन झालं आणि त्यांच्यासाठी उरला नाही. आशीर्वाद म्हणताना ते दोनदा चुकले.
ज्यांनी हात वर केले तेच राहतायत. आता मी उरले. भीती वाटते. त्याहून जास्त लाज वाटते.

शुक्रवार, २३ जून
पाळकांकडे जाऊन आले. म्हटलं, ठराव मागे घेऊ. "मंडळी फुटेल हो. योगायोग आहे सगळा." ते म्हणाले. येशू कोणाच्या पंक्तीला बसायचा, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना, असं विचारलं. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

रविवार, २५ जून
देवळात गेले नाही. भ्याले असेन, खोटं कशाला लिहू? सरळ गल्लीत, धाकटीच्या खोलीवर. सगळ्या प्रार्थनेला बसल्या होत्या. घोगऱ्या आवाजाच्या एकीने सरकून चटईवर जागा केली. "बसा ताई, उशीर केलात." सगळ्यांदेखत धाकटीची माफी मागितली. ती रडली, मग माझ्यावर चिडली, मग पुन्हा रडली. मध्ये ठेवलेल्या एकाच स्टीलच्या पेल्यातून सगळ्या प्यायलो. मीही.

सोमवार, २६ जून
सकाळीच पाळकांचा फोन. "काल पेले सगळ्यांना पुरले, बाई. वर अकरा उरले. एवढे कशाला भरून ठेवलेत?"
मी भरलेच नव्हते. पेल्यांच्या कपाटाची किल्ली काल दिवसभर माझ्या पर्समध्ये होती.
धाकटीच्या खोलीत काल, मला धरून, आम्ही अकराजणी होतो.