मूठभर कणीक

होळी, १९७६, सोलापूर

मोहोळहून आत्ताच परतलो आणि पोट शांत आहे! सासुरवाडीहून येऊन असं लिहायची ही पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी सिलिॲक, म्हणजे चिमूटभर गहूही आतड्यांना सोसत नाही, म्हणून गहू कायमचा बंद केला, त्याला वर्ष झालं. घरी भाकरी खाऊन मी ठणठणीत, आणि मोहोळला भाकरीच खाऊन आडवा. सासूबाईंना वाटायचं, जावई नाटकं करतोय. मला वाटायचं... जाऊ दे, ते लिहीत नाही.

आज हिने आईला पीठ मळताना पकडलं. ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक! "जावयाला नुसती जोंधळ्याची वाढायची लाज वाटती की गं," म्हणाल्या. म्हणजे ती मूठभर कणीक माझा मान होता? वर्षभर त्या मानानेच मला झोपवलं.

मग परात घासून नवं पीठ घेतलं. जेवताना शेजारीण डोकावली. "सणाला जावयाला भाकरी?" मी मान खाली घातली. सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "पोळी काय, कुणीबी खातंय. आमच्या जावयाला माझ्या हातची भाकरीच लागती!"

एरवी मी दोनच खातो. आज तिसरी मागून घेतली.